मुंबई ते दुबई, पावणेदोन तास

आमची सारिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊ शकली नाही, म्हणून माहेरच डिंकाचे लाडू घेऊन दुबईला निघालं. ऑपरेशन दुपारी दोनला ठरलं होतं आणि आईला भेटल्याशिवाय आत जाणार नाही, असा लेकीचा हट्ट. जावई म्हणाले, आदल्या दिवशी या. पण मी तीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर (गाड्यांच्या वेळा सांभाळणारा). तिकिटावर मुंबई साडेदहा, दुबई सव्वाबारा. "पावणेदोन तास! नगरला जायला याहून जास्त लागतात," म्हणत त्याच दिवशीचं विमान मीच धरायला लावलं.

विमान वेळेवर सुटलं. उपमा खाल्ला, ढग पाहिले. मनगटावर सव्वाबारा वाजले तरी खाली नुसता समुद्र. मग एक वाजला. आमची सुमन लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली.

"आवो, आलं का न्हाई? पोरगी आत जाईल ना!"

मी हवाईसुंदरीला विचारलं, किती उशीर? "आपण अगदी वेळेवर आहोत, काका," ती हसून म्हणाली. मला घामच फुटला. गाडी डेपोतून निघालेलीसुद्धा नसताना मीही असाच हसून 'येतीच आहे' म्हणायचो.

उतरलो पावणेदोनला. पासपोर्टच्या रांगेत अडीच वाजले आणि सुमन रडायलाच लागली. "चुलीत घाला तुमची ती वजाबाकी!"

बाहेर जावई शांतपणे उभे. "चला मामा, दोनच्या आत पोहोचू."

"दोन कधीच वाजून गेले हो!"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. एक वाजून पाच मिनिटं. "इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं, मामा. अंतर एकोणीसशे किलोमीटर, विमानाला सव्वातीन तास लागतात."

जीव भांड्यात पडला. मी सामानाच्या ढकलगाडीवरच बसलो. सुमन आधी हसली, मग पुन्हा रडली.

दोनला दहा मिनिटं असताना सारिकानं आईचा हात धरला. नात झाली. त्या आनंदात जावयांनी 'करक' (वेलदोडा घातलेला कडक चहा) पाजला. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यालो नव्हतो.

सुमन तिकडेच राहिली, मी दहा दिवसांनी एकटा परतलो. अकोल्याच्या स्टँडवर गावाकडच्या गाडीसाठी थांबलो होतो. एक म्हातारी खिडकीशी विचारत होती, "राजूरची गाडी कवा हाय?"

"येतीच आहे," नवा कंट्रोलर मान वर न करता म्हणाला. ती बिचारी दर मिनिटाला उठून रस्त्याकडे बघायची, पुन्हा बसायची. मला राहवेना. आत जाऊन वही पाहिली आणि तिला सांगितलं, "मावशी, गाडी अजून संगमनेरहून निघायचीय. पाऊण तास तरी हाय. निवांत बसा."

"बरं झालं बाबा, खरं सांगितलं. आता भाकर तरी सुखानं खाते." तिनं फडकं सोडलं.

मी तिच्या शेजारी बसलो. तीस वर्षांत एवढं एक वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं.