वाटणीचं सातवं प्रकरण

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, तेच माझं अजून ठरत नाही. पण चहा आलाच आहे, तर ऐका.

मी एक कादंबरी लिहिली आहे. हे दर वेळी मला स्वतःलाच सांगावं लागतं, त्यावरून तिचं काय झालं ते ओळखा. पोटापाण्यासाठी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. म्हणजे तास तेवढं मानधन, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. यंदा मुलाखतीच्या आधीच प्राचार्यांनी विचारलं, "सर, तुम्ही लेखक ना? मग तुम्हाला कुणी कुठं बोलावतं का?"

घरी येऊन जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शहागंजात जाऊन कार्डं छापून घेतली. वर नाव, खाली ठसठशीत 'लेखक', त्याखाली मोबाइल नंबर. सलून, हॉटेल, झेरॉक्सचं दुकान, जिथं जाईन तिथं चार कार्डं ठेवत सुटलो.

आठवड्यानं फोन आला.

"लेखक साहेब का? कैलास बोलतो, शेंद्र्याहून. रविवारी या की आमच्याकडं."

"येतो ना. कार्यक्रम काय आहे?"

"घरचाच हाय. समदे भाऊबंद बसणार. तुम्ही कच्चं लिहून आणा आन् सगळ्यांसमोर वाचून दाखवा."

"विषय काही ठरलाय?"

"दोघं भाऊ, शेत, इहीर. दुसरं काय असतंय?"

मी फोनलाच नमस्कार केला. कारण माझ्या कादंबरीचं सातवं प्रकरण म्हणजे दोन भावांची वाटणीच. या माणसानं ती वाचली होती!

बायकोला सांगितलं. वैशाली शांतपणे म्हणाली, "त्यांनी पुस्तकाचं नाव घेतलं का?"

"नाही."

"मग एकदा नीट विचारून घ्या."

पण विचारलं आणि त्यांनी बेतच रद्द केला तर? नाही विचारलं. रविवारपर्यंत आरशासमोर सातवं प्रकरण वाचत बसलो.

शेंद्र्याला पोचलो तर काय, नव्या बंगल्याच्या ओसरीवर सगळं घर बसलेलं. एका बाजूला थोरले बाबासाहेब, दुसऱ्या बाजूला धाकटा कैलास, मधे बाजेवर त्यांची आई. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. इतके गंभीर श्रोते मी आयुष्यात पाहिले नव्हते. घसा खाकरून सुरू केलं.

"थोरल्याच्या डोळ्यांतली विहीर केव्हाच आटली होती..."

बाबासाहेबांनी हात वर केला. "थांबा. इहीर आटली म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? दोन परस पाणी हाय आज बी, माणूस बुडंल इतकं."

"तसं नाही, साहेब. ते प्रतीक आहे."

कैलास हळूच उठून उभा राहिला.

"प्रतीक? प्रतीक म्हणजे दादाचा मेव्हणा. बघ आई, मी म्हणत नव्हतो? ह्यानं सासुरवाडीचा माणूस इहिरीत घुसवलाच."

"मी कुणाला घुसवलं नाय," बाबासाहेब म्हणाले. "लेखक तू आणला."

थोरल्या सूनबाईंनी माहेरचं नाव निघालं म्हणून डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, पुढचं वाक्य ऐकलं की निवळतील. म्हणून घाईघाईनं वाचलं, "धाकट्याच्या वाट्याला आलं ते नुसतं आभाळ."

"आभाळ?" कैलास माझ्याकडं वळला. "आन् रस्त्याकडचं रान कुठं गेलं?"

मी कागद खाली घेतला. "अहो, हे सगळं काल्पनिक आहे."

"म्हणजे खोटं लिहून आणलं?" हे मात्र दोघं भाऊ एकदम म्हणाले.

मग मी कसंबसं विचारलं, "कैलासराव, माझा नंबर तुम्हाला मिळाला कुठं?"

"रजिस्ट्री हाफिसाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडं. वाटणीपत्र लिहिणारा पायजे म्हणलं, तर त्यानं तुमचं कार्ड दिलं."

कागद पिशवीत घातले. माफी मागितली, मी गोष्टी लिहितो म्हणून सांगितलं. बाबासाहेब कपाळाला हात लावून बसले. फक्त बाजेवरच्या आजी माझ्याकडं टक लावून बघत होत्या.

"बस रे लेका," त्या म्हणाल्या. "त्या तुझ्या गोष्टीतल्या भावांचं पुढं काय झालं?"

खरं सांगतो, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सगळी भीती विसरून मी पुढं सरकलो. त्यांना सगळी कादंबरी सांगितली, अगदी मन लावून. शेवटी म्हणालो, "शेवट मी मोकळा सोडलाय, आजी. वाटणी झाली की नाही, ते वाचकानं ठरवायचं."

आजी धाकट्याला म्हणाल्या, "कैलास, गाडी काढ. ह्यांना घरी सोड, आन् येताना लिहिता येणारा माणूस घेऊन ये."