नलिनीच्या वाचनात कोणी मरत नसे

"तुझ्या तोंडून कोणी मरतच नाही का गं?" असं मुकुंद ओरडला, तेव्हा मी भिंतीपलीकडे भाकऱ्या थापत होते. बडोद्याच्या वाडीतली आमची घरं अशी, की दोघांत मिळून एकच भिंत, आणि तीही पातळ. ऐकायचं नसेल तर घराबाहेर जावं लागे. एवढं रंगलेलं भांडण सोडून कोण जातं? मी तवा खाली उतरवला.

भांडण आबांवरून होतं. आबा म्हणजे मुकुंदचे वडील. त्यांना चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं, म्हणून रोज सकाळी त्यांची सून नलिनी त्यांना पेपर वाचून दाखवी. त्यांचे जुने स्नेही भास्करराव वारल्याचं पेपरात आलं. नलिनीने ते वाचलंच नाही, त्या जागी कांद्याचे भाव दोनदा वाचले. पुढे आबा टोपीबिपी घालून, लेकीच्या मुलाच्या बारशाचे पेढे घेऊन भास्कररावांकडे शहरातल्याच अकोट्याला गेले, तर दारातच हार घातलेला फोटो.

"पेढ्यांचा पुडा हातात धरून माझा बाप तेराव्याच्या पंगतीत उभा राहिला!"

"मग बसायचं ना जेवायला," नलिनी म्हणाली.

त्यानंतर तांब्याचा आवाज आला. पडला की फेकला, ते भिंतीतून कळत नाही.

नलिनी होती ही अशी. सांगलीकडची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, रेल्वेतला नवरा म्हणून बडोद्याला आली आणि इथलीच झाली. भाजीवालीशी गुजरातीत भांडायची, देवाशी मराठीत. आवाज असा, की साधं वाण्याचं सामान वाचलं तरी ऐकत राहावं. पण मरणाशी तिचं वाकडं. मुकुंद गेला त्या दिवशी तिने दूधवाल्याला एवढंच सांगितलं, उद्यापासून अर्धा लिटर कमी. का, ते सांगितलं नाही. तो बिचारा कितीतरी दिवस विचारत होता, "साहेबनी तबियत केम छे?" आणि ही म्हणायची, "सारी छे," म्हणजे बरी आहे.

मुकुंदच्या मागे तिला घर खायला उठलं, तेव्हा तिने रविवारी दुपारी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. श्रोते आम्हीच. मी चौथी पास. दुकानाच्या पाट्या वाचते, पण जाड पुस्तक उघडलं की डोळ्यांना पाणी येतं, तेही रडू न येता. माझी नात अवंती आणि तिच्या दोन मैत्रिणी. पोरी मराठी फडाफडा बोलतात, पण शाळा गुजराती, त्यामुळे जोडाक्षर आलं की खड्ड्यात गेलेल्या रिक्षासारख्या अडकतात. आणि समोरच्या घरातले श्रीपतराव. जळगावकडून कारखान्यात नोकरीला आलेले, आता एकटे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. नलिनी दर शनिवारी मांडवीजवळच्या लायब्ररीत पुस्तक बदलायला चालत जाई आणि येताना श्रीपतरावांची तपकिरीची डबी आणून त्यांच्या खिडकीतून देई. या फेरीत कधी खंड पडला नाही.

लेखक अवंतीने शोधला. नाव सांगत नाही. तो हयात आहे, आणि कुणाला सोडत नाही. आजकालचा आहे, काळ्या विनोदाचा म्हणतात. "आजी, तो आधी हसवतो आणि मग हसलीस म्हणून थोबाडीत मारतो," अवंती म्हणाली. पोरी त्याच्यावर फिदा. आमच्या रविवारला त्या 'काढा' म्हणत, इतकं कडू. आणि प्यायला सगळे धावत येत. सगळ्यात पुढे श्रीपतराव.

त्या वेळी चालू होती ती कादंबरी एका गावाची. तिथली नगरपालिका गटारं सोडून स्वागताच्या कमानीच बांधते. नगराध्यक्ष चोर, ठेकेदार महाचोर, पत्रकार पाकीट मिळालं की कवी होणारा. त्यात एक शिपाई, तात्या. सगळ्यांना वाकून नमस्कार करणारा आणि वाकल्यावाकल्या पुटपुटणारा. त्या पुटपुटण्यावर आम्ही जीव टाकायचो. नगराध्यक्षाची बायको म्हणते, कमानीवर माझं नाव मोठं हवं. तात्या पुटपुटतो, "बाई, मोठं करू, पण मग खालून हत्ती जाणार नाही, आणि तुम्हाला तर जायचंय." श्रीपतराव एवढे हसले की तपकीर सांडली. आठवडाभर घरी आम्ही तात्याचंच बोलायचो. तो ठेकेदाराला कधी गाठणार, यावर अवंती नि श्रीपतराव भांडायचे.

मग अवंतीने इंद्रनीलला आणलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोत्रीला राहतो, बँकेत मोठा साहेब. त्या लेखकाच्या चाहत्यांचा फोनवर एक घोळका आहे, त्याचा हा मुखिया. लेखकाबरोबर फोटो काढलेला. आला, झोपाळ्यावर बसला, पिशवीतून स्वतःची प्रत काढली. पानोपानी रंगीत कागद चिकटवलेले.

"तात्या हा त्यांचा सर्वात क्रूर विनोद आहे," तो म्हणाला.

"क्रूर कसला?" श्रीपतराव म्हणाले. "मागच्या रविवारी तर ठेकेदाराच्या पोराच्या मुंजीत त्याने जी उडवून दिली..."

"कोणी?"

"तात्याने."

"काका, तात्या चौथ्या प्रकरणात मेला. कमानीखाली."

"मेला?" मी म्हटलं. "अहो, तो परवाच जिलब्या खात होता."

"आजी, पुस्तकात मुंजच नाही. जिलब्याही नाहीत."

सगळ्यांनी नलिनीकडे पाहिलं. ती कपात साखर घालत होती. एकाच कपात घालत होती, पुन्हापुन्हा.

इंद्रनीलने पान काढलं आणि वाचलं. "कमान कोसळली. तात्या तिच्याखाली राहिला. फीत मात्र शाबूत होती, म्हणून समारंभ पुढे चालू ठेवण्यात आला. तात्याच्या अंगावरचे झेंडूचे हार मोजून परत घेण्यात आले, कारण ते भाड्याचे होते." पुस्तक मिटून तो म्हणाला, "हे वाक्य लिहायला माणसाला काय लागलं असेल, कल्पना आहे? आणि काकू, तुम्ही तिथे जिलब्या वाढल्यात. ही चोरी आहे. लेखकाचा अपमान आहे."

"अपमान?" नलिनी भडकली. "तुमच्या लेखकाचं काय, मारून मोकळा झाला. उरलेल्यांना चहा मला करावा लागतो. तात्या काढला तर त्या पुस्तकात राहतं कोण? सगळे हलकट!"

"तेच तर दाखवायचंय त्यांना!"

"मग दाखवा गोत्रीला. माझ्या घरात हलकट फुकट येत नाहीत. एक तरी बरा माणूस सोबत लागतो."

"काकू, मग स्वतःची कादंबरी लिहा. दुसऱ्याच्या पानात कशाला घुसता?"

अवंतीही उलटली. "म्हणजे आम्ही इतके रविवार ज्याच्यावर भांडलो, ते सगळं तुझ्या मनाचं? मी ग्रूपवर तात्याची वाक्यं टाकली, नलूआजी! लोक हसले मला!"

पण नलिनी तिच्याकडे बघत नव्हती. ती श्रीपतरावांकडे बघत होती, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांचा मुलगा निहार. एका कारखान्यात उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मांडव कोसळला, त्याखाली गेलेला. चौथं प्रकरण वाचताना ते तिच्यासमोर हातभर अंतरावर बसले होते. तिने वाचता वाचता कमान पाडली आणि त्या क्षणी तात्याला चुना आणायला कोपऱ्यावर धाडलं. एकदा जिवंत ठेवला म्हटल्यावर पुढे त्याला दर रविवारी काहीतरी बोलावं लागे, आणि ते सगळं तीच बोलत होती.

श्रीपतराव काठी चाचपत उठले. मला वाटलं, आता हात जोडतील बिचारे.

"निहारच्या वेळी मला म्हणाले, पाय मोडलाय," ते म्हणाले. "फाटकावरचा म्हणाला, मग साहेब म्हणाला, रिक्षात शेजारी बसलेला म्हणाला. दवाखान्यापर्यंत मी विचार करत होतो की याला वरच्या मजल्यावर कसं चढवायचं. पोरगा केव्हाच गेला होता आणि मी जिने मोजत होतो. तुम्ही मला पुन्हा त्याच रिक्षात बसवलंत, नलिनीबाई."

"श्रीपतराव, अहो, मी..."

"दया आली माझी! आंधळा आहे, खुळा नाही. तुमच्या दारात आता पाय ठेवणार नाही."

आणि गेले. काठी उंबऱ्याला आपटली, ती चुकून नाही.

पुढचा काढा इंद्रनीलकडे गोत्रीला झाला. मीही गेले, अवंती नेतेय म्हटल्यावर. मोठा हॉल, गार हवा, सेव-उसळ. तो स्वतः वाचत होता. ओळन्‌ओळ खरी होती आणि मला झोप लागली. मधेच जागी झाले तर दोन चाहते भांडत होते, लेखक माणसांचा द्वेष करतो की फक्त मराठी माणसांचा. एकाने दुसऱ्याला 'बिनडोक' म्हटलं, दुसऱ्याने त्याला 'घोळक्यातून काढून टाकीन' म्हटलं.  येताना रिक्षात अवंती म्हणाली, "मुंजीचं प्रकरण बरं होतं ना गं?" मी म्हटलं, "ते जाऊन नलूला सांग." ती काही गेली नाही.

नलिनीने सगळ्यांशी बोलणं टाकलं. मी गोत्रीला गेले म्हणून माझ्याशीही. माझी वाटी परत आली ती रिकामी. पण शनिवार आला की तिची चप्पल वाजायची. लायब्ररीत जायची, त्याच पुस्तकाची मुदत वाढवून आणायची, आणि तपकिरीची डबी श्रीपतरावांच्या खिडकीत ठेवायची. ते घ्यायचे नाहीत. पुढच्या शनिवारी ती जुनी डबी उचलून नवी ठेवायची. जुनीचं काय करायची विचारलं, तर तेवढ्यापुरतं तोंड उघडून म्हणाली, "वहिनी, तुम्हाला काय करायचंय? मी ओढते."

असं बरंच चाललं. मग एका शनिवारी डबी ठेवताना आतून आवाज आला.

"पुस्तक आहे का जवळ?"

"आहे."

"चौथं प्रकरण काढा. आणि एक शब्द जरी तुमचा घातलात, तर ही खिडकी विटांनी बुजवीन."

नलिनी त्यांच्या ओट्यावर बसली. मी माझ्या पायरीवर लसूण सोलत होते, आणि उठायचं कारण नव्हतं. तिने पदराने चष्मा पुसला, नेहमीसारखं "ऐका" म्हणाली. नगराध्यक्ष आला, बायको आली, बँड आला. कमान हलली. तात्या वाकला. आणि ती थांबली. भास्करराव, मुकुंद, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. ही बाई आता कांद्याचे भाव वाचणार, मी मनात म्हटलं.

"पुढे," आतून आलं.

"कमान कोसळली," ती म्हणाली.

"पुढे."

"तात्या तिच्याखाली राहिला." तिचा तो सुंदर आवाज पार फाटला होता. "फीत मात्र शाबूत होती..."

हारांच्या भाड्यापर्यंत ती आली, आणि आत श्रीपतराव हसले. मोठ्याने, खोकल्यासारखे.

"हसता काय?" नलिनी ओरडली. "लाज नाही वाटत?"

"असंच असतं म्हणून हसतो. निहारला बाहेर काढला, तेव्हा एक जण मांडवाचे बांबू मोजत होता. मी कुणाला सांगितलं नाही, कोणी ऐकलं नसतं. या हलकटाने बरोबर लिहिलंय."

"मला हा माणूस अजिबात आवडत नाही."

"मग नका वाचू."

"वाचणार! तुम्हाला दुसरं कोण वाचून दाखवणार आहे? तो गोत्रीवाला?"

खिडकीतून हात आला आणि डबी आत गेली.

तोंडं गोड झाली असं समजू नका. नव्या अटी श्रीपतरावांनी घातल्या. नलिनीने आधी पुस्तक उघडायचं नाही, कारण आधी वाचलं की ती वाटा शोधते. म्हणून शनिवारी लायब्ररीतून आणलेलं पुस्तक सरळ त्यांच्या ताब्यात द्यायचं. रविवारी ते त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्यासमोर उघडायचं. यावरून दोघं दर आठवड्याला भांडत. मेलेल्या माणसावर ती आवाज चढवी, आणि "तमाशा नको, वाचा" म्हणून ते झापत. हळूहळू पोरी परत आल्या. इंद्रनीलही एकदा आला, पायरीवर बसला, आणि नलिनीने त्याला साखर न घातलेला चहा दिला. त्याने तो गुपचूप प्यायला.

नलिनी गेली ती एका शनिवारी रात्री, झोपेत. सकाळी मीच समोर गेले. श्रीपतराव पुस्तक मांडीवर घेऊन, तयार होऊन बसले होते. बरं नाही, दवाखान्यात नेलंय, असं काहीबाही माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "नलिनी वारली." ते म्हणाले, "नीट सांगितलंत." आणि मग म्हणाले, "जा आता."

पण आदल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. ती लायब्ररीतून आली, घाम पुसत खिडकीशी उभी राहिली. आधी डबी दिली, मग पुस्तक. त्याच लेखकाचं, नवीन आलेलं.

"उघडलंत का?" श्रीपतरावांनी पानं हुंगत विचारलं.

"हात नाही लावला. शपथ."

"कोण मरतंय यात?"

"लायब्ररीवाला म्हणाला, बरेच."

"मग उद्या वेळेवर या."

"येते. आणि रात्री चाळत बसू नका," नलिनी म्हणाली, आणि रिकामी पिशवी झटकून, घडी घालून, दूध तापवायला घरात गेली.