पाठ केलेले पाच शब्द

“खात्रीने सांगायचं तर मेंदू उघडून बघावा लागतो, आणि ते माणूस गेल्यावरच करता येतं,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणून मी आज फक्त ‘बहुधा’ एवढंच म्हणेन.”

मास्कमुळे त्यांचे डोळे तेवढे दिसत होते. खोलीतल्या खुर्च्या जमिनीवरच्या चिकटपट्ट्यांप्रमाणे लांब लांब मांडल्या होत्या. मी माझी खुर्ची ओढून माझ्या नवऱ्याच्या, रूबेनच्या, अगदी शेजारी नेली.

आजाराचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी. थोडक्यात सीटीई. डोक्याला वर्षानुवर्षं धक्के बसत राहिले की मेंदूच्या पेशी हळूहळू मरायला लागतात, आणि धक्के थांबले तरी ते मरणं थांबत नाही. औषध नाही. झोप लागावी, चिडचिड कमी व्हावी म्हणून गोळ्या असतात, तेवढंच. रूबेनने अजून पन्नाशी गाठली नव्हती.

तुमच्या घरात कुणावर अशी वेळ आली, तर निदान आम्ही घालवला तेवढा वेळ तुम्ही घालवू नये, म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची सांगलीची. नेदरलँड्समधल्या वाखनिंगनला बटाट्याच्या रोगांवर पीएचडी करायला आले आणि इथेच राहिले. रूबेन इथलाच, डच. जर्मनीतल्या एका संघात तो पगारी खेळाडू म्हणून बरीच वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला. माझ्या आईला हा खेळ कधीच पटला नाही. “चेंडू हातात धरून पळतात, मग फुटबॉल कशाला म्हणायचं?” आणि जावईबापू त्यात नक्की काय करतात, हे तर तिला मुळीच कळेना. मी समजावलं, की तो पुढच्या रांगेत वाकून उभा राहतो आणि चेंडू हलला की समोरच्या धिप्पाड माणसावर जाऊन आदळतो. त्याने वाट अडवायची, पळणारा दुसराच, टाळ्याही त्यालाच. आई म्हणाली, “म्हणजे हमालीच की गं!” रूबेनला हे इतकं आवडलं, की पुढे तो कोच झाल्यावर खेळाडूंना अभिमानाने सांगायचा, आपण हमाल आहोत.

पाठीने दगा दिला आणि त्याचं खेळणं सुटलं. मग आर्नेमजवळच्या एका क्लबात तो कोच झाला. खेळाडू म्हणून तो कसा होता हे मला सांगता येणार नाही, पण कोच म्हणून तो खुलला. प्रत्येकाच्या पायांची ठेवण, कुणाचा कुठला खांदा दुखतो, कुणाचं घरी काय बिनसलंय, सगळं त्याच्या डोक्यात असायचं.

मग करोना आला. सराव बंद. पुढे परवानगी मिळाली ती दीड मीटर अंतर राखून. ज्या खेळात अंगावर जायचं हाच नियम, तो दीड मीटरवरून कसा शिकवणार? मोठी माणसं हवेत ढकलाढकली करत होती. आम्ही पोट धरून हसलो होतो.

आजार याच दिवसांत डोकं वर काढू लागला आणि लॉकडाउनने तो झाकून टाकला. आज वार कुठला, हे रूबेन सारखा विचारायचा. पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं? सांगलीला आईसुद्धा विसरायची. तो एकाएकी चिडायचा. सगळेच चिडत होते. लॅपटॉपच्या मागे भिंतीवर त्याने खेळाडूंची नावं चिकटवली होती. मला वाटलं, ऑनलाइन मीटिंगची तयारी असेल.

पण एकदा त्याने चहाचं भांडं गॅसवर ठेवलं आणि ते का ठेवलं हेच त्याला आठवेना. तो तिथेच उभा राहून रडला. मी हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन केला. त्याने एक छोटी चाचणी घेतली: घड्याळ काढा, पाच शब्द ऐका आणि थोड्या वेळाने परत सांगा. आठवड्याने रूबेनच्याच विनंतीवरून ती पुन्हा घेतली. पहिल्या वेळी तो जेमतेम पास झाला. दुसऱ्या वेळी पैकीच्या पैकी. “ताण आहे,” डॉक्टर म्हणाला, “सगळ्यांनाच आहे.” मी त्या दिवशी श्रीखंड केलं.

पुढे वर्षभर आम्ही त्या मार्कांवर निर्धास्त राहिलो.

नंतर सराव नेहमीसारखा सुरू झाला आणि क्लबातल्या त्याच्या मदतनीस कोचने, थाइसने, मला फोन केला. रूबेन मैदानावर जर्मनमध्ये ओरडत होता. डावपेचांची नावं त्याच्या जुन्या संघातली, खेळाडूंना एकही कळेना, आणि ते का हलत नाहीत म्हणून हा त्यांच्यावर संतापलेला. थाइस म्हणाला, “तो आमच्याकडे बघत होता, पण आम्ही त्याला दिसत नव्हतो.”

मग स्मृतिदवाखाना. चाचणीच्या दिवशी सोबतीला आत परवानगी नव्हती. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. शेवटी मानसतज्ज्ञ बाई स्वतः बाहेर आल्या. खिडकीपासून थोड्या लांब उभ्या राहून त्यांनी विचारलं, “हे घरी सराव करतात का?”

मला काही कळेना.

“मी पाच शब्द वाचायला सुरुवातही केली नव्हती,” त्या म्हणाल्या, “त्याआधीच यांनी पाच शब्द म्हणून दाखवले. होडी, काकडी, पूल, शाल, निळा. माझे शब्द वेगळे होते.”

गाडीत बसल्यावर रूबेनने सगळं सांगितलं. लपवायचं त्राण राहिलं नव्हतं. पहिल्या चाचणीचे शब्द त्याने बाहेर पडल्या पडल्या लिहून घेतले होते आणि रोज पाठ केले होते. सायकलींच्या शेडमध्ये तो घड्याळं काढत बसायचा. खेळत होता तेव्हाही हेच चालायचं. हंगामाच्या सुरुवातीला निरोगी डोक्याची चाचणी घेतात. त्यात सगळे मुद्दाम चुका करायचे, म्हणजे पुढे डोक्याला मार लागला, कन्कशन झालं, तरी मार्क पडलेले दिसत नाहीत आणि कुणी बाहेर बसवत नाही. “ती लबाडी वाटायचीच नाही,” तो म्हणाला. “बूट बांधण्यासारखं होतं.”

मला इतका राग आला, की मी गाडीतून उतरले आणि पार्किंगला चकरा मारत राहिले. बटाटा आतून काळा पडतो तेव्हा बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही, हे मी रोज लोकांना शिकवते. माझ्याच घरात मला काही दिसलं नव्हतं. परत आले तेव्हा तो सीटबेल्ट लावून शहाण्यासारखा बसला होता. राग कुठल्या कुठे गेला, आणि उरलं ते रागापेक्षा वाईट होतं.

निदान झाल्यावर त्याने माझ्याकडे एकच मागणं केलं: हंगाम सुरू होईपर्यंत क्लबात कुणाला सांगायचं नाही. कोचपण गेलं तर तो कोण राहणार, हे त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं, पण माझ्या सांगण्याने काय होणार? मी नाही म्हणाले. मार लागल्यावर कुणाला बाहेर बसवायचं, हे कोचच ठरवतो. त्या मैदानावर जी डोकी होती, ती दुसऱ्या कुणाची तरी मुलं, कुणाचे तरी नवरे होते. आम्ही कित्येक दिवस धड बोललो नाही.

हंगामाआधीच्या चाचणीच्या दिवशी त्याने मला सोबत चल म्हटलं. खेळाडू गवतावर बसले होते. आपसांत थट्टा चालली होती, कुणी किती चुका करायच्या याची. रूबेन पुढे गेला आणि फिजिओला म्हणाला, “आधी माझी घे. मोठ्याने. नवे शब्द दे.”

तिने पाच शब्द वाचले. मग इकडचं तिकडचं विचारलं आणि म्हणाली, “आता सांगा.”

त्याने एक शब्द सांगितला. बऱ्याच वेळाने दुसरा. तिसऱ्यासाठी तो डोळे मिटून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, ओठ हलत होते. मला ते पाचही शब्द येत होते. मी तोंडावर हात धरला.

“दोन,” तो म्हणाला. “हे माझे खरे मार्क. तुम्ही तुमचे खरे द्या.”

मग त्याने गळ्यातली शिटी काढून थाइसच्या हातात दिली. त्या दिवशी कुणी हसलं नाही आणि चाचणीत कुणी मुद्दाम चुकलं नाही, असं फिजिओने मला नंतर सांगितलं.

डॉक्टर, नर्स, ती मानसतज्ज्ञ, सगळ्यांची मी ऋणी आहे. तुम्हाला मात्र एकच सांगते: तुमचं माणूस चाचणीत पास झालं आणि तुमचं मन तरीही मानत नसेल, तर मनाचं ऐका. पुन्हा जा.

रूबेन आता बराचसा घरीच असतो. क्लबातले खेळाडू आळीपाळीने त्याला फिरायला न्यायला येतात. तो त्यांना ओळखत नाही. त्याला ते जर्मनीतले जुने सोबती वाटतात. सुरुवातीला ते बिचारे गोंधळायचे. आता मीच त्यांना कोण कोण होतं ते सांगून ठेवलंय. परवा बराम नावाचा धिप्पाड पोरगा दारात उभा होता. रूबेनने त्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“मार्कुस! गुडघा कसा आहे?”

एरवी बराम त्याला कोच म्हणतो. पण पायरीवर उभ्या उभ्या त्याने गुडघा वाकवून दाखवला.

“बरा आहे, रूबेन,” तो म्हणाला. “चल, जाऊया.”