लोंबत्या नाकाची झारी

हॉविसला हसू आवरायचं नाही. कुंभाराच्या चाकावर बसली की काहीतरी आठवायचं, खांदे गदगदायचे आणि भांडं कलायचं. नवरा गेल्यावर भट्टी तिनं एकटीनं चालवली. माझी भट्टी तिच्या कुंपणाला लागूनच. यॉर्कच्या बाजाराला आम्ही दोघी एकाच गाडीतून माल नेत असू.

त्या उन्हाळ्यात वॉरिनच्या लेकीचं, इडोनियाचं, लग्न ठरलं. वॉरिन म्हणजे आमच्या जहागिरीचा कारभारी. त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं हॉविसला लग्नाच्या पंगतीसाठी बिअरची मोठी झारी करायला सांगितली. तिनं नेहमीसारखा झारीवर दाढीवाल्या म्हाताऱ्याचा चेहरा घडवला, बिअर त्याच्या तोंडातून ओतायची. पण भट्टी जरा जास्तच तापली. नाक ओठापर्यंत लोंबलं आणि हिरवी झिलई ओघळून शेंड्याशी थेंबासारखी थिजली.

"अगं, हा तर वॉरिन!" मी म्हणाले.

"मेले गं!" म्हणत ती हसता हसता खालीच बसली. लग्न दुसऱ्या दिवशी. नवी झारी घडवून, वाळवून भाजायला वेळ कुठला?

भर पंगतीत वॉरिननं झारीवरचं फडकं ओढलं.

"हा कोण?"

"कुणी नाही, कारभारी," हॉविस पुटपुटली. "आगीनंच असा केलाय."

तेवढ्यात वॉरिनची आई चाचपडत पुढे आली. म्हातारीला धड दिसत नव्हतं. झारीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "वॉरिन, लेकरा, नाक पूस आधी! पाहुणे बसलेत."

इडोनियाच्या तोंडातली बिअर थेट नवऱ्याच्या अंगावर. पाद्रीबुवा बाकावरून खाली. वॉरिन लालबुंद झाला, गाल फुगले, आणि मग असा काही खिंकाळला की अंगणातल्या घोडीनं उत्तर दिलं. झारी गालाशी धरून म्हणाला, "आता सांगा, देखणा कोण?"

"झारी!" अख्खा गाव ओरडला.

पुढच्याच आठवड्यात हॉविसच्या दारात ही रांग! लोहाराला स्वतःचे कान हवेत, पाद्रीबुवांना टक्कल नको. गिरणीवाल्याची बायको म्हणाली, "आमच्या ह्यांची कर बाई. पण तोंड बंद ठेव, घरात तेवढीच शांतता."

"मग ओतायचं कुठून?"

"कानातून! मी बोललेलं इतकी वर्षं तिथूनच बाहेर पडतंय."

तशी झारी केली हॉविसनं. काय सुरेख धार पडते!