गाडी डावीकडे ओढते

सुंदर गाडी कशाला म्हणावं, यावर आमचं नवराबायकोचं कधीच एकमत झालं नाही. मला चारही चाकांवर मडगार्ड असलेली, आत बसताना डोकं न आपटणारी गाडी सुंदर वाटते. त्याला हॉट रॉड आवडते. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आजोबांच्या काळातली अमेरिकन गाडी घ्यायची, तिचं छप्पर चार बोटं कापून खाली आणायचं, पुढची मडगार्डं काढून फेकायची, बॉनेट उडवायचं, त्या उघड्या जागेत दांडगं इंजिन बसवायचं आणि उरलेल्या सांगाड्याला स्टाइल म्हणायचं. दुबईत या गाड्यांचे वेडे बरेच आहेत, हे माझाच नवरा त्यांच्यात सामील होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

तो इंजिनिअर. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या टॉवर्सना गार हवा कुठून कशी जाईल ते ठरवतो. स्वतःची हौस मात्र त्याने बिनएसीची घेतली. देश सोडून चाललेल्या एका गोऱ्याकडून ती गाडी आमच्या अल बर्शातल्या इमारतीच्या बेसमेंटमध्ये आली. हौसेला मोल नाही म्हणतात, म्हणून मीही मोल विचारलं नाही. पहिल्याच दिवशी तिने फरशीवर ऑइल गाळलं. सिक्युरिटीवाल्याने तक्रार केली आणि मी खाली जाऊन तिच्याखाली खोक्याचा पुठ्ठा पसरून आले, बाळाला दुपटं घालावं तसा.

खरं सांगायचं तर उभी असली की ती देखणी आहे. बसकी, रुंद, जरा उर्मट. पण रंग? नवऱ्याने तिला रंगच दिला नाही. प्रायमरचा राखाडी थर तसाच ठेवला, कारण जाणकारांच्या मते तोच अस्सल. मी म्हटलं, "रंग लावायचा राहून गेलेलं लोखंडी कपाट दिसतंय." मुलीने फोनमधून मान वर केली. "मम्मा, इट्स नॉट अ कार, इट्स अ मूड." आमची मुलगी इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, फक्त उत्तर इंग्रजीत येतं.

चालवण्याबद्दल तर बोलायलाच नको. क्लच दाबायचा म्हणजे पोटरीचा व्यायाम. ब्रेक लावला की गाडी आधी विचार करते, मग थांबते. स्टिअरिंग सुपात तांदूळ पाखडल्यासारखं सारखं इकडेतिकडे हलवत राहावं लागतं, तेव्हा कुठे ती सरळ जाते. पायाशी इंजिनाची धग, पुढच्या उघड्या चाकांवरून तोंडावर वाळू, आणि आत पेट्रोलचा वास. पहिल्या हिवाळ्यात नवरा हे सगळं कौतुकाने सांगायचा. दुसऱ्या हिवाळ्यात त्याची पहिली तक्रार आली.

"गाडी डावीकडे ओढते," तो म्हणाला.

इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. डावीकडे ओढणं म्हणजे सुसाट लेनकडे ओढणं. त्याने चाकांची अलाइनमेंट करून घेतली, तरी ओढायची. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये स्टिअरिंगचा अख्खा बॉक्स बदलला. काही दिवस म्हणाला, आता बरी आहे. मग पुन्हा तेच. त्यात गिअर अडकायला लागला. या गाडीत डावीकडे बसून उजव्या हाताने गिअर टाकायचा असतो. तो म्हणाला, गिअरबॉक्स जड झालाय. मग गिअरबॉक्स उघडला गेला.

त्याच सुमारास त्याला शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. मी चहा घेऊन उभी असायची आणि तो आरशासमोर तिसऱ्या बटणाशी झटत असायचा. संध्याकाळी मॉलमध्ये चालताना त्याचा डावा हात हलायचा, उजवा मात्र अंगाला चिकटून असायचा. आणि एकदा गाडीत पेट्रोलचा इतका वास भरला की मला मळमळलं. तो शांतपणे म्हणाला, "कुठे येतोय वास?" मी म्हटलं, प्रेमात माणूस आंधळा होतो ऐकलं होतं, त्याचं नाकही जातं वाटतं. तो हसला. घरी आल्यावर मी हिंगाची डबी उघडून त्याच्या नाकाशी धरली. त्याला तोही वास आला नाही.

माझ्या मामाला कंपवात होता. थरथर फार उशिरा आली. त्याआधी कित्येक वर्षं त्याला वास येईनासा झाला होता, एक हात असाच मुका झाला होता, आणि मामी त्याला आळशी म्हणत राहिली. म्हणून मला भीती वाटत होती. गाडीची नाही, उजव्या हाताची. दोष गाडीत आहे की त्याच्यात, एवढाच प्रश्न होता. रात्रंदिवस मी देवाला सांगत होते, गाडीत असू दे.

"डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?" मी एकदा विचारलं.

"कशाला? रोजची गाडी चालवतो ना मी? त्यात काही होतं का?"

होत नव्हतं, हे खरंच. रोजची आमची एसयूव्ही शहाणी आहे. लेनच्या पट्टीवर गेली की स्वतःच बीप करते, स्वतःच सरळ होते, गिअर स्वतःच बदलते. ती त्याची चूक त्याच्याही नकळत पोटात घालत होती. चुगली करायची ती ही म्हातारी, पण म्हातारीची ख्यातीच अशी की तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

तिच्या जातभाईंनी तर तिला पारच खोटं पाडलं. थंडीत रविवारी सकाळी एका मॉलमागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये या मंडळींची सभा भरते. सगळे कडक चहाचे कागदी कप घेऊन एकमेकांच्या गाड्यांभोवती फिरतात आणि छप्पर किती कापावं यावर तावातावाने बोलतात. त्यात एक वयस्क इमाराती गृहस्थ आहेत, पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यात, अस्खलित हिंदी बोलणारे. त्यांच्या गाडीला मडगार्डं आहेत, म्हणून माझं त्यांच्याशी पटतं. नवऱ्याने त्यांना ओढण्याचं सांगितलं तर ते हसले. "हबीबी, पुरानी गाडी है. मेरी राइट में जाती है, तुम्हारी लेफ्ट में. नॉर्मल है, खलास."

नवऱ्याचा चेहरा उजळला. मला मात्र कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, मी चेष्टेत म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं."

एरवी तो माझ्या टोमण्याला टोमणा परत करतो. त्या दिवशी त्याने कपातल्या चहाकडे पाहिलं आणि म्हणाला, "चल, निघू या."

परतताना तो वाळवंटाच्या बाजूच्या लांबच्या रस्त्याने निघाला. वाद झाला की तो नेहमी लांबचा रस्ता घेतो. एका चढाच्या राउंडअबाउटवर गाडी बंद पडली. त्याने ती पुन्हा चालू केली, पण गिअर पडेना. मागे पाण्याचा टँकर होता, त्याने हॉर्न धरला. नवऱ्याचा उजवा हात गिअरच्या गोळ्यावर होता. तो ढकलत नव्हता, काही करत नव्हता. नुसता ठेवलेला होता. नवरा त्या हाताकडे बघत होता, आणि मी नवऱ्याकडे.

"गिअरबॉक्स गेला," तो म्हणाला.

"सरक," मी म्हटलं.

"तुला नाही जमणार."

"सरक म्हणते ना."

इथे लायसन्स काढताना त्यानेच हट्ट धरला होता की नुसतं ऑटोमॅटिकपुरतं घेऊ नकोस, पूर्ण घे. त्यापायी मी कितीदा नापास झाले आणि त्याला काय काय बोलले, ते जाऊ दे. मी उतरून वळसा घालून त्याच्या बाजूने आत शिरले, तो माझ्या जागेवर सरकला. डाव्या हाताने स्टिअरिंग धरलं, सगळा जीव पायात आणून क्लच दाबला आणि उजव्याने गिअर पुढे ढकलला.

खट्. पडला.

टँकरवाला हॉर्न थांबवून वाट बघत होता, त्याला हात करून मी निघाले. दुसरा पडला. तिसराही पडला. कर्र वाजत, कुरकुरत, पण पडत गेले. प्रत्येक गिअरला बाजूला बसलेला नवरा माझ्या हाताकडे बघत होता.

पुढे रस्ता सरळसोट होता. दोन्हीकडे कुंपण आणि वाळू, मागेपुढे कोणी नाही. मला जे करायचं नव्हतं ते मी केलं. स्टिअरिंगवरची पकड सैल केली. आधी डाव्या हाताची, मग उजव्याची. बोटं नुसती टेकवून ठेवली. गाडी थरथरली, थोडी इकडे गेली, थोडी तिकडे गेली आणि आपल्या लेनमध्ये सरळ चालत राहिली. ओढ, मी मनात म्हणत होते. ओढ ना ग बाई, एकदा तरी डावीकडे ओढ. इतके दिवस जिला नावं ठेवली, तिच्या मी अक्षरशः पाया पडत होते. रस्ता धूसर व्हायला लागला तेव्हा मी पुन्हा घट्ट धरलं, कारण दोघांपैकी एकाला तरी नीट दिसायला हवं होतं.

बेसमेंटमध्ये मी गाडी तिच्या पुठ्ठ्यावर नेऊन उभी केली. इंजिन बंद केल्यावर तिथे इतकी शांतता झाली की एक्झॉस्टचा पत्रा गार होताना वाजत होता तेसुद्धा ऐकू आलं.

"ओढते ना?" त्याने समोर बघत विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. सबंध रस्ताभर मी तोच शब्द तयार करत आले होते. पण हो म्हटलं असतं तर तो उद्या पुन्हा शारजाला गेला असता, आणि परवा पुन्हा त्या रस्त्यावर. मला मामी आठवली.

"नाही," मी म्हटलं. "सरळ जाते."

त्याने मान हलवली. आश्चर्य नाही, राग नाही. सीटबेल्टचं बक्कल काढायला उजवा हात नेला, थोडा वेळ चाचपडला, आणि मग पहिल्यांदाच तो हात बाजूला घेऊन माझ्यासाठी जागा करून दिली. मी वाकून बक्कल सोडवलं.

"मला माहीत होतं ग," तो म्हणाला. "प्रत्येक पार्ट बदलताना वाटायचं, हाच असू दे. स्टिअरिंग बदललं, गिअरबॉक्स उघडला, क्लच नवा टाकला. आता गाडीत बदलण्यासारखं काहीच उरलेलं नाही."