सुंदरामायचा कान

सुंदरामाय बाळाचं तोंड आधी कधी बघायचीच नाही. आल्याबरोबर उघड्या पोटाला कान लावायची आणि डोळे मिटून घ्यायची. इतका वेळ, की बघणाऱ्याला वाटावं, बाई झोपली. मग हळूच म्हणायची, “आतडं बोलून राह्यलं. चांगलं हाय.” आमच्या रोहणा गावातली निम्मी पोरं या सुईणीच्या हातावर जन्मली. अंगाला तपकिरीचा वास, जीभ तिखट. सासवा तिच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत. हात मात्र फार मऊ.

माझा पहिला मुलगा आठव्या महिन्यातच झाला. कापूस वेचणीचे दिवस होते. घरात आढ्यापर्यंत कापूस भरलेला, आणि दुपारच्या उन्हात त्याचे तंतू तरंगत असायचे. त्या पांढऱ्या उजेडात मी अर्धी जागी, अर्धी स्वप्नात पडून असे. आमच्याकडे पहिले तीन दिवस आईचा चीक पिळून टाकून देत. तो जड, बाळाला बाधतो म्हणत. तोवर शेळीच्या दुधात भिजवलेला कापसाचा बोळा चोखायला द्यायचा. सुंदरामायनंच तो करून दिला. चौथ्या दिवशी बाळानं हिरवं ओकलं, पोट फुगून ताठ झालं, शी रक्ताची झाली. सुंदरामायनं कान लावला आणि या वेळी डोळे उघडेच ठेवले. “आवाज नाई,” एवढंच म्हणाली. सहाव्या दिवशी बाळ गेलं. लोक म्हणाले, सटवीनं एवढंच लिहिलं होतं.

त्याच हंगामात शेतावरच्या झोपडीत एक मजूर बाई अशीच वेळेआधी बाळंत झाली. तिच्यापाशी ना शेळी, ना सासू. तिनं पहिल्या घटकेपासून बाळ अंगावर घेतलं, चिकासकट पाजलं. ते जगलं. सुंदरामाय महिनाभर रोज त्याच्या पोटाला कान लावायला शेतात जायची आणि गाव तिला हसायचं.

दोन वर्षांनी, पुन्हा वेचणीतच, मला मुलगी झाली. तीही वेळेआधी, मुठीएवढी. सासूबाईंनी शेळीचं दूध आणवलं. ते भांडं बघून मी पोरीला पदराखाली ओढलं. सुंदरामायनं भांडं उचललं आणि दारातल्या कुत्र्यापुढे ओतलं. सासूबाईंचा पारा चढला. चीक पाजून पोर मारायचंय का, असं त्या विचारू लागल्या.

“गाईचा चीक वासराले पाजता, खरवस करून सोता खाता,” सुंदरामाय म्हणाली. “मंग आपल्याच लेकराचा चीक मातीत काऊन वतता?” मग आवाज खाली आला. “पयल्याले म्या बोळा देल्ला, बाई. माह्या हातानं देल्ला. आता नाई देत.”

सासूबाई रिकामं भांडं उचलून आत गेल्या.

पोरीला चोखता येत नव्हतं. मी चीक पिळायचा, सुंदरामायनं तो उकळलेल्या चमच्यानं थेंब थेंब तिच्या जिभेवर सोडायचा. नऊ दिवस बाई घरी गेली नाही. त्या दिवसांतलं मला सलग काही आठवत नाही. हवेतले तंतू, चमच्यातला हळदीच्या रंगाचा चीक, आणि पोरीच्या पोटावर टेकलेलं ते पिकलेलं डोकं, एवढंच. दहाव्या दिवशी पोरगी आपण होऊन प्यायली. सुंदरामाय कोपऱ्यात जाऊन रडली आणि वर मलाच म्हणाली, “डोयात कापूस गेला व.”

पुढं तिनं गावातला बोळा बंद पाडला. सगळीच पोरं वाचली असं खोटं कशाला सांगू? पण पोट फुगून जाणारी कमी झाली.

मुलगी सात वर्षांची असताना सुंदरामाय अंथरुणाला खिळली. मी पोरीला घेऊन भेटायला गेले. पोरीनं गंमत म्हणून तिच्या पोटाला कान लावला, तशी सुंदरामाय हसली. मग छपराकडे बघत तिनं विचारलं, “पयला असता तं केवढा झाला असता व?”

“नववं चालू असतं,” मी म्हटलं.

“दहावं लागलं. वेचणीत झालता.”

मी आई, आणि मी चुकले होते. मला राहवेना. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते बोलून गेले.

“माय, तू दुपारची घरी जात होती, तवा बोळा म्या धरत होती. तुह्या एकटीचा हात नाई.”

तिनं माझा हात ओढून घेतला, तळव्याला कान लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ. मला वाटलं, झोपली.

“घरी जाजो आता,” ती म्हणाली. “पोरीले भूक लागली असन.”