न्यायला कोण येतंय?

आमच्या मामांनी उभ्या आयुष्यात कुणाला नुसतं 'या' म्हटलेलं नाही. ते न्यायलाच येतात. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, घाटनांदूरचे. हिचे आईवडील लवकर गेले, पाठीला भाऊ नाही, तेव्हा सणासुदीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून कोण जाणार, असा प्रश्न आमच्या लग्नाच्या मांडवातच निघाला आणि मामांनी हातात अक्षता असतानाच "कावून? मी हाय की!" म्हणून तो मिटवून टाकला. तेव्हापासून मामांचं घर हेच हिचं माहेर झालं, आणि दर पंचमीला, दर दिवाळीला मामा आष्टीला आमच्या दारात. जिल्ह्याच्या त्या टोकाहून या टोकाला एसटीनं यायचं, घरात पाऊल टाकण्याआधी ओट्यावर बसायचं, शिदोरीची पिशवी मांडीवर घ्यायची आणि दोनच शब्द बोलायचे, "न्यायला आलोय." पिशवीत मामीनं थापलेली धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. माणूस मुक्काम करील, माझ्याशी राजकारणावर तावातावानं भांडेल, पण सकाळी हिला घेऊनच निघेल.

एका वर्षी मला दया आली. म्हटलं, या वयात म्हाताऱ्यानं एवढे हेलपाटे का घालावेत? आदल्या दिवशीच हिला गाडीत घातलं आणि घाटनांदूरला नेऊन उभं केलं. मामांचं तोंड असं उतरलं, की मला वाटलं गावात कुणीतरी गेलं. "जावई," ते म्हणाले, "नवऱ्यानं आणलं तर ते सोडणं झालं. आणणं येगळं." एवढं बोलून त्यांनी हिला माझ्याच गाडीत बसवून स्टँडवर धाडलं, बाकड्यावर बसायला लावलं, स्वतः घरी शिदोरी बांधली आणि चालत स्टँडवर जाऊन भाचीला रीतसर घरी आणलं. पाऊण गाव बघत होतं. मी गाडीत बसून मान खाली घालून होतो. तेव्हापासून मामांवर दया दाखवायची नाही, हे मी कानाला खडा लावून ठरवलं.

बरं, हे भाचीपुरतं असतं तर ठीक. मामांच्या मते जगात कुणीच एकट्यानं कुठून येऊ नये. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून कुणाला घरी सोडणार असतील, तर नात्याचा असो नसो, मामा गेटावर हजर. का, तर "दवाखान्यातून माणूस एकटा आला की दुखणं मागं मागं येतं." ऊसतोडीला गेलेली शेजारची मंडळी परतायची तेव्हा मामा पाण्याची कळशी घेऊन फाट्यापर्यंत सामोरे जायचे. मामी वैतागून म्हणायची, "हे म्हसरं बी रानातून नुसती येऊ देत न्हाईत, न्यायला जातेत."

अशा माणसाला मुलानं कॅनडाहून बोलावलं. मामांचा एकुलता एक मुलगा तिकडं स्थायिक झालेला. आईवडिलांना कायमचं आणायचं तर तिकडं म्हणे आधी सोडत निघते. भिशीची चिठ्ठी निघावी तसं कित्येक वर्षांनी याचं नाव निघालं, मग तपासण्या झाल्या, कागदपत्रं झाली आणि अखेर परवानगी आली. अमुक मुदतीच्या आत पोचायचं, नाहीतर सगळं मुसळ केरात. मामी तर आनंदानं खुळीच झाली. नातीला तिनं आजवर मोबाइलच्या काचेतच पाहिलेलं. तिनं नातीसाठी गोधडी शिवायला घेतली. आणि मुलाचा फोन आला.

मी तेव्हा तिथंच होतो. मुलगा सांगत होता, "आबा, तिकिटं काढतो. तुम्ही मुंबईहून बसा, मी इकडं विमानतळावर उभा राहतो."

मामांनी विचारलं, "म्हंजी न्यायला न्हाई यायचा?"

"आबा, नोकरी नवी आहे, सुट्टी नाही. आणि तुम्हाला स्पॉन्सर केलंय ना!"

"ते काय आसतंय?"

"म्हणजे मी तुम्हाला बोलावलंय. तुमची सगळी जिम्मेदारी माझी."

"बोलावलंस, लई बेस. न्यायला कोण येतंय?"

मुलगा तिकडून हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मला ऐकवलं, "बोलावण्यावर जेवायला जातेत, जावई, नांदायला न्हाई."

झालं! मुदत चालली सरत आणि मामा काही ओट्यावरून हलेनात. मुलानं रागावून बघितलं, रडून बघितलं. मामीनं अबोला धरला. शेवटी तिनं मला आणि हिला बोलावून घेतलं आणि मामांच्या देखत म्हणाली, "जावई, तुमीच सांगा यांना. ह्यांच्या रीतीपायी मी नातीचं तोंड न बघताच मरू का?" मामा खाली मान घालून तंबाखू मळत राहिले. मी कानाला लावलेला खडा विसरून म्हणालो, "मामा, मी येतो की मुंबईपर्यंत सोडायला!" मामांनी वर बघितलं. "सोडायला," ते म्हणाले. बस्स, एवढंच. मी चपला घातल्या आणि पानाच्या टपरीवर जाऊन बसलो.

मार्ग काढला तो सुनेनं. ती नांदूरघाटची, लहान मुलांच्या शाळेत शिकवणारी. तिकडं शाळेला सुट्टी लागताच तिनं नवऱ्याला सांगितलं, तू पोरीला सांभाळ, आबांना न्यायला मी जाते. सून सासऱ्याची मुराळी! आमच्या सात पिढ्यांत असं कुणी ऐकलं नव्हतं. पण मामा एकदम खूश. "न्यायला माणूस येतंय ना, मग झालं." पंचमीसाठी ते हिला घेऊन गेलेच होते, मीही मागोमाग पोचलो होतो. सुनेच्या येण्याच्या दिवशी मामांनी पहाटे दाढी केली, कडक धोतर नेसलं आणि ओट्यावर वाट बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस दुसऱ्याची वाट बघत होता, आणि ते काम त्यांना मुळीच जमत नव्हतं. सारखे उठत होते, फाट्याकडं बघत होते.

दुपारी फोन आला तो सुनेच्या वडिलांचा, नांदूरघाटहून. पोरगी प्रवासानं शिणून गाडीत गाढ झोपली होती. ड्रायव्हर परजिल्ह्यातला. घाटनांदूर काय नि नांदूरघाट काय, त्याला दोन्ही सारखंच. त्यानं गाडी नेऊन उभी केली ती थेट नांदूरघाटात. डोळे उघडले तर समोर तिचं माहेर! आता आईनं जेवल्याशिवाय हलू देत नाही म्हणून धरून ठेवलं होतं. "जेवू घालून लगेच धाडतो," व्याही म्हणत होते.

"धाडता?" मामा ओरडले, "सुनेला एकटं धाडता? थांबवा तिला, आलोच!" आणि आतल्या बाजूला हाक, "आगं, शिदोरी बांध!"

मी म्हटलं, "मामा, ती तुम्हाला न्यायला आलीय."

"पर माहेरात हाय ना?" मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माहेरातल्या सुनेला न्यायला नको जायला?"

जीप केली आणि आम्ही केजमार्गे नांदूरघाट गाठलं. मामा व्याह्यांच्या ओट्यावर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "न्यायला आलोय." सून बाहेर आली. पाया पडली. मग तिनंही आतून एक पिशवी आणली, मांडीवर घेतली आणि सासऱ्यासमोर बसून म्हणाली, "आबा, मीच तुम्हाला न्यायला आलेय." पिशवीत धपाटी होती. तिनं स्वतः तिकडं थापलेली, विमानातून आणलेली, चटणीसकट.

मामांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. सगळं घर त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. बराच वेळ चावत राहिले.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले. "आजवर इतक्यांना न्यायला गेलो. मला न्यायला कुणी आलं नव्हतं, माय."

आता कोण कुणाला नेणार, यावर थोडी हुज्जत झालीच. शेवटी व्याह्यांनी निकाल दिला, "एकाच गाडीत बसा आणि दोघंबी एकमेकांला न्या." आमचा जीव भांड्यात पडला. घाटनांदूरला मामीनं सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला मिठीत घेऊन मोठ्यानं रडली. मुदत संपायच्या आत तिघं विमानात बसली. मामी नातीला कुशीत घेऊन बसल्याचा फोटो आला, त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी निवांत झोपलो.

मामांची तिकडं काळजी करायचं कारण नाही. त्या गावात कुणाचेही आईवडील येणार असले की मामा म्हणे थंडीचा डगला घालून, पिशवी घेऊन विमानतळावर उभे असतात. ओळख लागत नाही, पण न्यायला आलेला माणूस बघून लोक बरोबर चालू लागतात.

यंदा पंचमी आली. घाटनांदूरच्या घराची किल्ली आमच्याकडंच आहे. मी हिला म्हटलं, चल, मी नेतो. म्हणाली, "तुम्ही सोडाल. माहेर काय कुलूप उघडून होतं का?" मला राग यायला हवा होता, पण आला नाही. संध्याकाळी मामांचा व्हिडिओ कॉल आला. हिनं विचारलं, "मामा, कधी येताय?"

मामांच्या मागं काचेपलीकडं रिकामा, स्वच्छ रस्ता दिसत होता. "लई यावं वाटतंय माय," ते म्हणाले. "पर आता मी हितं नांदतोय. घाटनांदूर माझं माहेर झालं. माहेराला निसतं उठून कसं यावं?"

दुसऱ्या दिवशी ही पासपोर्टसाठी फोटो काढून आली. मी विचारलं, तिकडं किती दिवस राहणार? म्हणाली, "मुराळी कुठं राहतो? मुक्काम करायचा आणि घेऊन निघायचं." काल तिनं धपाटी करून बघितली, किती टिकतात ते पाहायला. पिठात मीठ घातलं, चिमूट जिभेवर ठेवून चाखलं, आणि अजून थोडं घातलं.